पाच कोटींचा गल्ला झाला, मग निर्माता कर्जात कसा?

मराठी सिनेमा थोडा चालला की पोस्टर फिरू लागतं : ‘५ कोटींचा टप्पा पार!’ खाली कॉमेंट, ‘निर्मात्याची चांदी झाली.’ पुढे काही महिन्यांनी कानावर येतं, की त्याच सिनेमाच्या तंत्रज्ञांचे पैसे थकलेत आणि निर्माता फोन उचलत नाही. ऐकणारा म्हणतो, खाल्ले यानं. कधी कधी खाल्लेलेही असतात. पण बऱ्याचदा ते ५ कोटी निर्मात्याकडे आलेलेच नसतात. त्यांतले किती आले असतील, हे तिकीट खिडकीपासून मोजत गेलं की कळतं. स्वतंत्र निर्मात्याचा धंदा नेमका कशावर चालतो, तेही त्यातूनच उलगडतं.

निर्माता म्हणजे पैसेवाला नव्हे

आधी माणसं ओळखून घेऊ. ज्याचे पैसे लागलेत तो गुंतवणूकदार. मग तो बिल्डर असेल, डॉक्टर असेल, नाहीतर गावाकडची जमीन विकून आलेला हौशी माणूस. गोष्टीचे हक्क घेणारा, पैसा उभा करणारा, माणसं जमवणारा, करारांवर सही करणारा आणि शेवटी सिनेमाची मालकी ज्याच्या नावावर राहते तो निर्माता. लाइन प्रोड्युसर शूटिंगचा रोजचा खर्च आणि व्यवस्था सांभाळतो, त्याचं मानधन ठरलेलं असतं. कार्यकारी निर्माता हे पद मात्र लवचीक आहे : एका सिनेमात तो सगळं खेचणारा माणूस असतो, तर दुसऱ्यात पैसे आणून देणाऱ्या ओळखीच्या माणसाला दिलेला मान. ‘प्रस्तुत’ म्हणून सर्वांत आधी झळकणारं नाव अनेकदा सर्वांत शेवटी आलेलं असतं, म्हणजे सिनेमा तयार झाल्यावर प्रदर्शनाची ताकद घेऊन.

‘स्वतंत्र’ म्हणजे ज्याच्या पाठीशी स्टुडिओ नाही, चॅनेल नाही, कायमचा पैशाचा झरा नाही. प्रत्येक सिनेमासाठी त्याला नव्यानं पैसा उभा करावा लागतो.

एका तिकिटाची पट्टी

शेतकऱ्यानं बाजार समितीत कांदा विकला की हातात पट्टी येते. वर भाव चांगला दिसतो, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होत जातं आणि शेवटचा आकडा बघून माणूस गप्प होतो. सिनेमाचंही तसंच आहे. फरक इतकाच, की जाहिरात पट्टीच्या वरच्या आकड्याची होते.

तो वरचा आकडा म्हणजे ग्रॉस, तिकिटांवर जमा झालेली करासकट रक्कम. त्यातून जीएसटी गेला की उरतो तो नेट. नेटमधून थिएटरचा वाटा गेला की उरतो तो शेअर. हे तीन शब्द लक्षात ठेवले की निम्मं कोडं सुटतं. तिकिटावर १०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याहून जास्त असेल तर १८ टक्के जीएसटी आहे (सप्टेंबर २०२५ पर्यंत खालचा दर १२ टक्के होता). ऑनलाइन तिकिटावरची कन्व्हिनियन्स फी या हिशेबात धरतच नाहीत, तिच्यात निर्मात्याला काही नसतं.

शेअरचं प्रमाण आठवड्यागणिक घसरतं. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात जोरदार भांडण झालं, दोन महिने नवे मोठे सिनेमे लागले नाहीत. तेव्हाच्या समझोत्यात निर्माता-वितरकाचा वाटा असा ठरला : पहिला आठवडा ५० टक्के, दुसरा ४२.५, तिसरा ३७.५ आणि पुढे ३०. आजही बोलणी साधारण याच आकड्यांच्या आसपास होतात. एकपडदा थिएटरात मात्र कुठे टक्केवारी, कुठे आठवड्याचं भाडं.

आता एक काल्पनिक सिनेमा घेऊ. निर्मितीखर्च अडीच कोटी, प्रसिद्धी १ कोटी, एकूण ग्रॉस ५ कोटी, तिकीट सरासरी १८० रुपयांचं. १८ टक्के जीएसटी वजा केला की नेट साधारण ४.२४ कोटी. त्यातले ६० टक्के पहिल्या आठवड्यात, २५ दुसऱ्यात, १० तिसऱ्यात आणि ५ चौथ्यात आले असं धरू. वरच्या दरांनी शेअर होतो सुमारे १ कोटी ९५ लाख. वितरकाचं कमिशन १० टक्के धरलं तर उरले १ कोटी ७५ लाख. मग येते व्हीपीएफ, म्हणजे व्हर्च्युअल प्रिंट फी. थिएटरं डिजिटल झाली तेव्हा प्रोजेक्टरचा खर्च वसूल करायला ही फी लागली. यूएफओ, क्यूब अशा कंपन्या ती पडद्यागणिक निर्मात्याकडून घेतात. २५० पडदे आणि सरासरी १० हजार धरले तरी २५ लाख गेले. उरले दीड कोटी. प्रसिद्धीचा १ कोटी आधीच खर्च झालाय, तो इथून भरून काढायचा. राहिले ५० लाख.

एका तिकिटात सांगायचं तर १८० रुपयांतले २७.५ जीएसटीचे, साडेब्याऐंशी थिएटरचे, ७ वितरकाचे, ९ व्हीपीएफचे, ३६ होर्डिंग, जाहिराती आणि शहरोशहरी फिरणाऱ्या कलाकारांच्या प्रवासाचे. अडीच कोटींच्या निर्मितीखर्चाच्या वाट्याला आले १८ रुपये.

खरी गोम पुढे आहे. व्हीपीएफ आणि प्रसिद्धी हे खर्च सिनेमा चालो वा न चालो, करावेच लागतात. त्यामुळे याच सिनेमाचं ग्रॉस अडीच कोटी झालं असतं, तर पडदे थोडे कमी धरूनही प्रसिद्धीचा खर्चसुद्धा निघाला नसता. सुमारे ३२ लाख खिशातून गेले असते. साधारण साडेतीन कोटींच्या ग्रॉसपर्यंत निर्मितीखर्चाच्या दिशेनं एक रुपयाही येत नाही. याउलट ग्रॉस १५ कोटींवर गेलं, तर व्हीपीएफ आणि प्रसिद्धीला थोडे जास्त धरूनसुद्धा हातात साडेतीन कोटींच्या वर पडतात. गल्ला तिप्पट, हातातली रक्कम सातपट. लोक पुन्हा पुन्हा हा डाव का मांडतात, ते या चढाकडे बघून कळतं.

वितरक पैसे देत नाही का?

पूर्वी देत असे. वितरणाचे मोटामोटी तीन प्रकार. एक, वितरक ठरावीक रकमेला एखाद्या इलाख्याचे हक्क सरळ विकत घेतो, नफा-तोटा त्याचा. दोन, मिनिमम गॅरंटी. इथे वितरक किमान रकमेची हमी देतो आणि वरचं उत्पन्न वाटून घेतो. तीन, कमिशन. वितरक थिएटरं मिळवून देतो, हिशेब गोळा करतो, टक्केवारी घेतो. खर्च आणि धोका दोन्ही निर्मात्याचे. मोठे तारे नसलेल्या मराठी सिनेमाला बहुतेक वेळा तिसराच प्रकार वाट्याला येतो. म्हणूनच ‘अमुक मोठा वितरक मिळाला’ या बातमीचा अर्थ ‘पैसे मिळाले’ असा नसतो.

कमिशनच्या करारात एक कलम जपून वाचावं : वितरकाचं कमिशन शेअरवर आहे, की व्हीपीएफ वजा केल्यानंतरच्या रकमेवर. आपल्या उदाहरणात या एका ओळीचा फरक अडीच लाखांचा आहे. आणि थिएटरनिहाय रोजचा हिशेब, म्हणजे डीसीआर, मागण्याचा हक्क लिहून घ्यावा. तो नसेल तर तीन महिन्यांनी एकरकमी आकडा सांगितला जातो आणि तपासायला काही उरत नाही.

‘थिएटर मिळत नाही’ म्हणजे काय?

पहिल्या शुक्रवारी सहसा मिळतं. प्रश्न दुसऱ्या शुक्रवारचा असतो. पुढच्या आठवड्याचे शो सोमवार ते बुधवार या दिवसांत ठरतात आणि मल्टिप्लेक्सची प्रोग्रामिंग मंडळी शनिवार-रविवारची भरती बघतात. सकाळी साडेनऊला लावलेल्या शोला ११ माणसं आली, तर ती वेळेमुळे आली नाहीत की सिनेमामुळे, याची चौकशी कुणी करत नाही. मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यावा म्हणून सरकारनं २०१५ मध्ये पावलं उचलली, वादही झाले. पण नियमानं पडदा मिळतो, खुर्चीत माणूस मिळत नाही. अनुभवी निर्माता म्हणूनच ४०० शो मागण्यापेक्षा पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर इथले संध्याकाळचे मोजके शो मागतो, आणि प्रसिद्धीचा पैसाही तिथेच लावतो.

आधी कागद, मग कॅमेरा

पाच कोटींच्या ग्रॉसवर थिएटरमधून ५० लाख सुटले. राहिलेले २ कोटी टीव्ही, ओटीटी, संगीत आणि इतर हक्कांतून यायला हवेत. हक्क विकायचे तर ते आधी आपल्याकडे असायला हवेत. हे उघड वाटतं, तरी सर्वाधिक गाड्या इथेच रुततात.

भारतीय कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, सिनेमाचा ‘कर्ता’ दिग्दर्शक नसून निर्माता आहे. प्रदर्शनानंतर ६० वर्षं हा हक्क टिकतो. पण सिनेमाच्या पोटात इतरांचे हक्क असतात : कथा, पटकथा, संवाद, गीतं, संगीत. ते रीतसर निर्मात्याकडे आल्याची एकामागून एक कागदपत्रं म्हणजे मालकीची साखळी. कादंबरीवरून सिनेमा असेल, तर बहुधा आधी ऑप्शन करार होतो. थोडी रक्कम देऊन वर्ष-दीड वर्षासाठी हक्क राखून ठेवायचे आणि पैसा उभा राहिला की उरलेली किंमत द्यायची. लेखक हयात नसेल, तर निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. तीन मुलांपैकी एकाच्याच सहीवर काम भागवलं, तर उरलेले दोघे ट्रेलर आल्यावर आठवण करून देतात.

करारात काय लिहिलं नाही, याकडेही बघा. हक्क किती काळासाठी हे लिहिलं नसेल, तर कायदा ५ वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल, तर फक्त भारत. आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर घेतलेला हक्क वर्षभरात न वापरल्यास तो निसटतो. आता ओटीटीला जगभराचे हक्क हवे असतात. त्यांचा वकील पटकथाकाराचा एकपानी करार बघतो, त्यात ‘जगभर’ हा शब्दच नसतो, आणि व्यवहार तिथेच थांबतो. मग त्याच लेखकाकडे पुन्हा सही मागायला जावं लागतं. दरम्यान त्याचं मानधन थकलेलं असेल, तर तो सही का देईल? २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा थिएटरबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा हक्क करारानं काढून घेता येत नाही. तरी ‘सर्व हक्क कायमचे सोडले’ असे जुने नमुने अजून चालतात. त्यांतलं ते कलम कोर्टात टिकणारं नाही.

सिनेमाच्या नावाची नोंद निर्मात्यांच्या संघटनेत करतात, मराठीत अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळात किंवा इम्पासारख्या निर्मात्यांच्या संस्थेत. पटकथेची नोंद स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये होते. ही नोंद म्हणजे तारखेचा पुरावा. ती करून हक्कांचं हस्तांतर होत नाही.

शूटिंगचा एक दिवस

बजेट आकड्यापासून सुरू होत नाही. पटकथेचा प्रत्येक सीन फोडून त्यात किती माणसं, कुठली जागा, दिवस की रात्र, गाडी, गुरं, पाऊस याची यादी होते. मग एका जागेचे सीन एकत्र बांधून दिवस ठरतात. अडीच कोटींच्या सिनेमाला २८ ते ३० दिवस मिळाले तर चांगलं. यातला एक दिवस किती रुपयांचा? कॅमेरा आणि लेन्सचं भाडं, लाइट्स, जनरेटर आणि त्याचं डिझेल, व्हॅनिटी, सत्तर-ऐंशी माणसांचा नाश्ता-जेवण, गाड्या, लॉजच्या खोल्या, कामगारांचा रोज आणि भत्ता, जागेचं भाडं. कलाकारांचं मानधन सोडूनही तीन-चार लाख सहज होतात.

शिफ्ट १२ तासांची असते. संध्याकाळचा एक सीन उरला म्हणून दोन तास वाढवले, की जादा पैसे लागतात. शिवाय माणसं उशिरा झोपतात, त्यामुळे उद्याचा कॉल टाइम पुढे जातो आणि उद्याचा सकाळचा उजेड हातचा जातो. बजेट फुटतं ते महागड्या क्रेनपायी कमी आणि या घसरणीपायी जास्त. दोन दिवस वाढले म्हणजे आठ लाख. ५ कोटींच्या ग्रॉसवर थिएटरमधून ५० लाख सुटले होते, त्यांच्या जवळजवळ सहाव्या हिश्शाइतके. म्हणून बजेटात १० टक्के आकस्मिक खर्चाची तरतूद ठेवतात. मात्र पैसे कमी पडले की सर्वांत आधी तीच ओळ खोडली जाते, आणि तिच्यानंतर निर्मात्याचं स्वतःचं मानधन.

गुंतवणूकदार आधी, निर्माता शेवटी

एकूण खर्च आता पावणेचार कोटी : निर्मिती अडीच, प्रसिद्धी १, व्हीपीएफ पाव. व्हीपीएफ आणि प्रसिद्धी थिएटरच्या पैशांतून निघाली. निर्मितीच्या अडीच कोटींत समजा २ कोटी गुंतवणूकदाराचे आहेत आणि ५० लाख निर्मात्यानं घर तारण ठेवून उभे केलेत. पैसा आला की कुणाला आधी मिळणार, याचा क्रम करारात लिहिलेला असतो. नेहमीची रीत अशी : आधी गुंतवणूकदाराचं मुद्दल, मग त्यावर ठरलेला परतावा, समजा १५ टक्के, मग निर्मात्याचे पैसे, आणि त्यानंतर काही उरलं तर निम्मंनिम्मं.

थिएटरमधून ५० लाख, टीव्हीचे ७०, ओटीटीचे ५०, संगीताचे १०, अनुदानाचे ४० धरू. एकूण २ कोटी २० लाख. गुंतवणूकदाराला मात्र २ कोटी ३० लाख द्यायचेत. सिनेमा ‘चालला’, पोस्टर लागलं, गुंतवणूकदार दहा लाखांनी नाराज, आणि निर्मात्याचे ५० लाख रांगेतच राहिले. तंत्रज्ञांचे शेवटचे हप्ते याच काळात थकतात. ते थकवणं समर्थनीय नाही. मजुरी ही गुंतवणूक नव्हे आणि ती या रांगेत उभी करायची नसते. शहाणा निर्माता प्रत्येक सिनेमासाठी वेगळी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था, काढतो आणि बँक खातंही वेगळं ठेवतो. नव्या सिनेमाचे पैसे जुन्या सिनेमाची देणी भागवायला वळवले, की दोन्ही बुडतात.

सेन्सॉर, शेळी आणि बिडी

प्रमाणपत्र केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ देतं. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूए वर्गात ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आलेत. निर्मात्याच्या दृष्टीनं मोठी दरी आहे यूए आणि ए (फक्त प्रौढांसाठी) यांच्यात, कारण ए प्रमाणपत्राचा सिनेमा टीव्हीवर दाखवता येत नाही. टीव्हीसाठी काटछाट करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. शिव्या कुठे आणि किती, हा प्रश्न पटकथेच्या टप्प्यालाच पैशांचा होतो.

ग्रामीण गोष्टीत बैलजोडी, शेळी, कोंबडी सहज येतात. चित्रीकरणात प्राणी वापरायचे तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची परवानगी आधी लागते आणि सिनेमा झाल्यावर ना-हरकत पत्रही. ‘मागून चालली होती शेळी, आम्ही आणली नव्हती’ हे उत्तर चालत नाही. पात्रानं बिडी ओढली, की पडद्यावर इशारा, सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांचे तंबाखूविरोधी संदेश, आणि वर २० सेकंदांचं निवेदन. हे राहिलं की प्रिंट परत. तारीख जाहीर करून, होर्डिंगचे पैसे भरून मग प्रमाणपत्राच्या मागे धावणारे दरवर्षी भेटतात.

शेवटच्या क्षणाची आणखी एक अडचण. थिएटरला सिनेमा हार्ड डिस्कवर किंवा सॅटेलाइटनं जातो, पण तो कुलूपबंद असतो. उघडायची डिजिटल किल्ली, केडीएम, ठरावीक प्रोजेक्टर आणि ठरावीक तारीख-वेळेपुरतीच चालते. किल्ली शुक्रवारच्या मध्यरात्रीपासून दिली आणि पेड प्रीव्ह्यू गुरुवारी रात्री नऊला ठेवला, तर प्रेक्षक खुर्चीत आणि पडदा काळा.

‘पण सरकार अनुदान देतं ना?’

देतं. दर्जेदार मराठी चित्रपटांसाठीच्या योजनेत अनेक वर्षं ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख असं गणित राहिलं. गोव्यातही स्थानिक निर्मात्यांच्या कोकणी-मराठी सिनेमांसाठी योजना आहे. रक्कम छोटी नाही. अडचण वेळेची आहे. सिनेमा पूर्ण झाल्यावर परीक्षण होतं, मग दर्जा, मग मंजुरी, मग पैसे. शूटिंगच्या दिवशी डिझेल भरायला अनुदान उपयोगी पडत नाही. त्याच्या भरवशावर आधी दोन टक्के महिन्यानं उचललेलं कर्ज मात्र दीड वर्षात ४० लाखांवर १४ लाख ४० हजार व्याज खातं. आणि ज्या वर्षी अर्ज करणार, त्या वर्षीचा शासन निर्णय वाचावा. अटी बदलत राहतात.

पुरस्कारांचंही असंच. ७० व्या राष्ट्रीय पुरस्कारांपासून सुवर्णकमळासोबत ३ लाख आणि रजतकमळासोबत २ लाख रुपये असतात. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाला रजतकमळ मिळतं. मान मोठा, पण रक्कम शूटिंगच्या एका दिवसालाही पुरत नाही.

‘ओटीटीला विकून मोकळं व्हायचं’

करोनाच्या काळात हे काही काळ खरं होतं. नंतर मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. आता बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, ‘थिएटरला किती केलं?’ म्हणजे थिएटरचा तोटा ही ओटीटीची किंमत वाढवण्यासाठी केलेली जाहिरात ठरते. किंवा ठरत नाही. तेव्हा तो नुसताच तोटा.

व्यवहार दोन तऱ्हांचे असतात. ठरलेली रक्कम घेऊन काही वर्षांसाठी परवाना द्यायचा. किंवा आगाऊ काहीच न घेता किती मिनिटं पाहिलं गेलं त्या प्रमाणात वाटा घ्यायचा. दुसऱ्या प्रकारात सिनेमा ‘ओटीटीवर आहे’ असं सांगता येतं, पण महिन्याचा हिशेब पाहून कुणी कर्ज फेडत नाही. पहिल्या प्रकारात ‘कायमचे हक्क’ ही मागणी आली, की किंमत दुप्पट वाटली तरी थांबून विचार करावा.

परदेशात मराठी मंडळांच्या मदतीनं अमेरिका, ब्रिटन, दुबईत शनिवार-रविवारी मोजके शो होतात. उत्पन्न बेताचं, पण रोख. इंग्रजी सबटायटल तयार असतील तरच.

मालिकेचं गणित उलटं

टीव्ही मालिकेत निर्माता धोका घेत नाही असं म्हणतात, ते अर्धंच खरं. चॅनेल एपिसोडमागे ठरलेली रक्कम देतं, निर्माता ती मालिका बनवून देतो आणि हक्क चॅनेलचे होतात. मालिका दहा वर्षांनी पुन्हा लागली, दुसऱ्या भाषेत तिचा रिमेक झाला, तरी निर्मात्याला सहसा काही मिळत नाही. त्याच्यासाठी असतं ते मार्जिन.

समजा एपिसोडला २ लाख, महिन्याला २६ एपिसोड. बिल ५२ लाखांचं, मार्जिन १० टक्के म्हणजे ५ लाख २० हजार. चॅनेलचे पैसे ९० दिवसांनी येतात. तोवर स्पॉटदादांपासून लेखकापर्यंत सगळ्यांचं काम चालू ठेवायला महिन्याला ४६ लाख ८० हजार, तीन महिन्यांचे १ कोटी ४० लाख आपल्या खिशातून फिरवावे लागतात. ते १८ टक्के वार्षिक व्याजानं आणले, तर महिन्याला २ लाख १० हजार व्याज. मार्जिनमधले राहिले ३ लाख १० हजार. मराठी कलाकारांना ‘नव्वद दिवसांनी चेक’ हे वाक्य पाठ असतं, त्याचं मूळ इथे आहे. उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे; नोंदणी जरूर करावी. पण ज्या चॅनेलकडून पुढची मालिका हवी, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला कुणी धजावत नाही.

दर गुरुवारी टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे रेटिंग येतात. चार-पाच गुरुवार वाईट गेले की वेळ बदलते, मग मालिका गुंडाळायचा निरोप येतो. वाड्याच्या सेटचा खर्च वर्षभरावर पसरून धरलेला असतो आणि मालिका सहा महिन्यांत संपते. म्हणून करारात किमान एपिसोडांची हमी मागतात. मिळाली नाही, तर सेटचा खर्च चॅनेलनं वेगळा द्यावा हे तरी.

परदेशी पैसा कुणाला मिळतो?

गाणी-मारामारीच्या सिनेमाला नाही. लेखक-दिग्दर्शकाच्या वेगळ्या सिनेमाला मात्र थिएटर सोडून दुसरी वाट आहे. गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाबरोबर भरणारा फिल्म बाजार २००७ पासून आहे. तिथे अपुऱ्या सिनेमांना, नुसत्या पटकथांनाही परदेशी सहनिर्माते भेटतात. रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडाची मदत चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ला पटकथेच्या टप्प्यावर मिळाली होती; विवेक गोंबर निर्माते होते, आणि २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात ‘कोर्ट’ला ओरिझोंती विभागातलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळालं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवणारा रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’ ही भारत, ब्रिटन आणि कॅनडा यांची सहनिर्मिती.

हा पैसा बहुधा परत करायचा नसतो, पण सोबत अटी येतात. ठरावीक भाग त्या देशात खर्च करायचा, म्हणून ध्वनिमिश्रण तिकडे. हिशेब तिकडच्या लेखापालाकडून तपासून. निर्णय यायला वर्ष-दीड वर्ष. तीन-चार वर्षं एका पटकथेवर टिकून राहायची तयारी असेल त्यानंच या वाटेला जावं, आणि तेवढा काळ पोटासाठी दुसरं काम हवं.

मग पोट कशावर चालतं?

मानधनावर. नफ्यावर जगणारा स्वतंत्र निर्माता विरळा. बजेटाच्या ५ ते १० टक्के निर्मात्याची फी धरायची आणि ती शेवटपर्यंत खोडू द्यायची नाही, हे जमलं तर तो दुसऱ्या सिनेमापर्यंत पोचतो. मधल्या काळात जाहिरातपट, सरकारी माहितीपट, बाहेरून येणाऱ्या युनिटचं लाइन प्रोडक्शन. एका सिनेमावर सगळं लावून बसणाऱ्यापेक्षा दोन पटकथा लिहून घेत, एक विकत, एक शूट करत राहणारा तगतो.

शिरकाव करायचा तर प्रोडक्शन असिस्टंट, मग प्रोडक्शन मॅनेजर, मग लाइन प्रोड्युसर ही जुनी शिडी अजून सर्वांत पक्की आहे. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत निर्मिती हा स्वतंत्र अभ्यासक्रम शिकवतात. प्रोडक्शन अकाउंटंट म्हणून दोन सिनेमे केलेला माणूस वर सांगितलेलं बहुतेक सगळं आपोआप शिकतो, आणि चांगल्या अकाउंटंटची या धंद्यात कायम चणचण असते.

मालमत्ता म्हणाल, तर ती म्हणजे सिनेमाचे हक्क. टीव्हीचा परवाना सात किंवा दहा वर्षांनी संपतो आणि हक्क निर्मात्याकडे परततात. तेव्हा पुन्हा विकता येतात, ही कमाई पूर्णपणे त्याची. अट एवढीच, की द्यायला माल हवा : मूळ मास्टर, सबटायटलची फाइल आणि संवादांशिवायचा संगीत-ध्वनींचा एम अँड ई ट्रॅक, ज्याशिवाय दुसऱ्या भाषेत डबिंग होत नाही. हा ट्रॅक मिक्सिंगच्या वेळीच मागून घेतला तर किरकोळ जादा पैशांत होतो. दहा वर्षांनी मागायला जावं, तर स्टुडिओ बंद पडलेला असतो आणि कपाटातली एकुलती एक हार्ड डिस्क कॉम्प्युटरला लावल्यावर नुसती टकटक वाजते.